डॉक्टरम्मांचं स्टूल

साल एकोणीसशे एकसष्ट. मी एकोणतीस वर्षांचा होतो. मद्रासला माउंट रोडवर एका मोटार विकणाऱ्या कंपनीच्या वर्कशॉपात मेकॅनिक होतो, आणि आपल्याइतकं हट्टी माणूस या शहरात दुसरं नाही अशी माझी पक्की समजूत होती. ती समजूत एका बाईंनी मोडली. त्यांनी आवाज चढवला नाही की टेबलावर हात आपटला नाही. काखेतलं कॅनव्हासचं घडीचं स्टूल उघडलं, वर्कशॉपच्या फाटकाशी कडुलिंबाखाली ठेवलं, पदर सावरला आणि म्हणाल्या, "बरं. मी बसते."

एवढंच. आणि बसल्या.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. भांडत नाहीत, पण हलतही नाहीत. आमच्या वर्कशॉपात ओरडणाऱ्यांची सवय होती. मोठ्या ऑफिसातले साहेब यायचे, तोंडाला येईल ते बोलायचे, मॅनेजर त्यांना कॉफी पाजायचा, ते गार होऊन जायचे. या बाईंना कॉफी दिली तर त्या ती पिऊन कप धुऊन परत द्यायच्या आणि पुन्हा बसायच्या. त्यांच्यावर कशाचाच उपाय चालेना.

बाई मैलापूरला राहत. बाळंतपणाच्या डॉक्टर. पन्नाशीच्या घरात वय, नऊवारी नव्हे, साधी सुती पाचवारी, खांद्याला पिन, डोळ्यांवर जाड चष्मा आणि पायात पुरुषी चपला. नाव सांगत नाही, त्यांना ते आवडलं नसतं. अख्खं मैलापूर त्यांना डॉक्टरम्मा म्हणे, आम्हीही तेच म्हणायचो.

माझी त्यांची ओळख गाडीखाली झाली. म्हणजे मी गाडीखाली होतो. पाना सटकला, बोटांची सालं निघाली, आणि माझ्या तोंडून एक शिवी गेली. अस्सल गावाकडची. वरून एक बाईमाणसाचा आवाज आला, "ही सांगलीकडची की कोल्हापूरकडची?"

मी सरपटत बाहेर आलो. समोर जाड चष्मा.

"मिरजेची," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"उदंड बरी आहे," त्या म्हणाल्या. "आमच्या घरी मराठी शिव्या उरल्या नाहीत. आमचे लोक रागावले की तमिळ बोलतात."

त्यांचे पूर्वज कैक पिढ्यांमागे मराठा राजाबरोबर तंजावरला आलेले. त्यांची मराठी जुन्या दप्तरातून काढल्यासारखी, आणि चाल मात्र तमिळ. 'सगळे' म्हणायला त्या 'अस्के' म्हणत. 'हवं' म्हणायला 'होणे'. 'पुष्कळ' नाही, 'उदंड'. आधी मला हसू यायचं. मग एकदा त्याच म्हणाल्या, "हसा, मेस्त्री. तुमची मराठी ऐकून माझी आई पण हसली असती." त्यानंतर मी हसलो नाही. मी त्यांना अक्का म्हणू लागलो. थोरल्या बहिणीला मिरजेकडेही अक्का म्हणतात आणि मद्रासलाही, त्यामुळे कोणाला काही सांगावं लागलं नाही.

माझं थोडं सांगतो. मी चौथीपर्यंत शिकलेलो. मामा मद्रासजवळ आवडी नावाच्या गावी लष्करी वर्कशॉपात होता, त्याने पंधराव्या वर्षी मला मद्रासला आणलं. इंजिन आवाजावरून ओळखायचो, तमिळ फाडफाड बोलायचो. लिहिण्यावाचण्याचं म्हणाल तर मराठी अक्षर लावत लावत वाचायचो, आणि इंग्रजी अजिबात नाही. हे वर्कशॉपात कोणाला ठाऊक नव्हतं. कारण मला सही येत होती. बाकीचे कोणी अंगठा लावत, कोणी फुली मारत. मी सही करायचो, झोकदार, शेवटच्या अक्षराला लांब शेपूट काढून. त्या सहीचा मला फार अभिमान होता. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

तर अक्कांची गाडी. त्या काळी गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघावी लागे. अक्कांचा नंबर एकसष्ट साली एप्रिलमध्ये, तमिळ वर्ष लागल्यावर आला. फिकट निळी, नवी कोरी गाडी. सहा महिन्यांची हमी. त्या मुदतीत कंपनीच्या चुकीने काही बिघडलं तर कंपनीने दुरुस्त करून द्यायचं.

आणि बिघाड पहिल्याच महिन्यात दिसला. गाडी सकाळी उत्तम चाले. दुपारच्या उन्हात अर्धा-पाऊण तास चालली की आचके द्यायची आणि बंद पडायची. मग कितीही स्टार्टर मारा, सुरू होत नसे. वीस-पंचवीस मिनिटं गार झाली की आपली आपण सुरू, जसं काही झालंच नाही.

यात गूढ काही नव्हतं. इंजिनाला पेट्रोल नेणारी नळी एक्झॉस्टच्या गरम पाइपाच्या अगदी अंगाला लागून गेली होती. ऊन वाढलं, इंजिन तापलं की नळीतलं पेट्रोल उकळून वाफ व्हायची, आणि वाफेवर गाडी कशी चालणार? त्या खेपेला आलेल्या सगळ्या गाड्यांत हेच होतं. आम्हा सगळ्या मेकॅनिकांना ठाऊक होतं. कारखान्यालाही ठाऊक होतं, कारण जूनमध्ये कारखान्याकडून एक खोकं आलं. त्यात बारा नळ्या होत्या. मी एक हातात घेऊन पाहिली. वाक वेगळा होता, एक्झॉस्टपासून चांगली चार बोटं लांबून जाणारा. मला वाचता येत नसेल, पण नळीचा वाक वाचता येत होता. खोकं स्टोअरच्या वरच्या फळीवर गेलं आणि तिथेच राहिलं. मॅनेजर म्हणाला, "एकाला बसवली की उद्या सगळे रांग लावतील. नळ्या बारा, गाड्या किती? वरून अजून नळ्या येईपर्यंत कोणी तोंड उघडायचं नाही."

माणूस वाईट नव्हता तो. सतत घाबरलेला असायचा, वरच्यांनाही आणि गिऱ्हाइकांनाही. पांढराशुभ्र शर्ट, कपाळाला विभूती, आणि दर दोन मिनिटांनी घड्याळाकडे नजर.

अक्का पहिल्यांदा तक्रार घेऊन आल्या तेव्हा तो म्हणाला, "अम्मा, मद्रासचं ऊन आहे. त्याला कंपनी काय करणार?"

"ऊन मद्रासला आधीपासून आहे," अक्का म्हणाल्या. "गाडी मागून आली."

दुसऱ्या खेपेला तो म्हणाला, "बायकांचा पाय क्लचवर जरा जड पडतो, अम्मा. त्याने इंजिन तापतं."

अक्कांनी दोन्ही हात त्याच्यापुढे धरले. "या हातांनी अर्धं मैलापूर जगात आणलंय. हात एवढे हलके, आणि पाय जड असेल होय?"

आम्ही गाड्यांच्या आड तोंडं लपवून हसलो. मॅनेजरने घड्याळ पाहिलं. अक्कांनी स्टूल उघडलं.

त्यांचं बसणं रिकामं नसे. पिशवीतून कापसाचा गठ्ठा निघायचा आणि त्या दवाखान्यासाठी बोळे वळत बसायच्या. नाहीतर जाळीच्या कापडाच्या चौकोनी घड्या घालायच्या, एकसारख्या, पत्त्यांच्या कॅटासारख्या. आठवड्यातून दोन दिवस, सकाळी नऊ ते अकरा. मग पेशंट यायची वेळ झाली की स्टूल मिटून जायच्या. काही दिवसांनी पेशंटच तिथे यायला लागले! आधी आमच्या पेंटरची बायको आली, सातवा महिना होता तिचा. मग तिची जाऊ. मग कोण कोण. एका सकाळी कडुलिंबाखाली चार पोटुशा बाया ओळीने बसलेल्या आणि आत शोरूममध्ये एक बडा शेठ नवी गाडी बघायला आलेला. मॅनेजर बाहेर धावत आला, "अम्मा, हे मोटारीचं दुकान आहे!"

"हो ना," अक्का म्हणाल्या, एकीची नाडी सोडली नाही त्यांनी. "माझी मोटार नीट करा. मग मी दवाखान्यात बसीन, हे अस्के पण तिथे येतील."

डॉक्टर शेवटी डॉक्टरच. त्यांनी गाडीचा केसपेपर केला होता. खरोखरचा, दवाखान्यातला, लाकडी फळीला चिमट्याने लावलेला. वर पेशंटच्या नावाच्या जागी गाडीचा नंबर. खाली कोणत्या तारखेला, किती वाजता, कुठे बंद पडली, किती वेळाने उठली. सैदापेट, अडयारचा पूल, लूझचा चौक. मला वाचून दाखवायच्या. गाडीत मागे एक पितळी तांब्या आणि जुन्या धोतराची पट्टी कायम ठेवलेली. गाडी बंद पडली की बॉनेट उघडायचं आणि ओली पट्टी पेट्रोलच्या पंपावर घालायची, ताप चढलेल्या लेकराच्या कपाळावर घालतात तशी. "ताप उतरतो," त्या म्हणायच्या, "पण मेस्त्री, मी रोज पट्टीच घालू? रोग कोण काढणार?"

मी खाली बघायचो.

जुलैत एक दिवस त्या आल्या त्या स्टूल न उघडताच उभ्या राहिल्या. आदल्या दिवशी भर दुपारी वेलचेरीहून बोलावणं आलं होतं. वेलचेरी तेव्हा खेडं, भातशेती आणि तळं. आज तिथे बघाल तर गच्च इमारती आहेत, तेव्हा रस्त्याला सावलीसुद्धा नव्हती. निम्म्या वाटेवर गाडी बंद. तांब्यातलं पाणी संपलं, पट्टी सुकली. अक्का पिशवी घेऊन चालत निघाल्या, दोन मैल, त्या पुरुषी चपलांनी.

"पोचले तेव्हा मूल आलं होतं," त्या म्हणाल्या. "म्हाताऱ्या शेजारणीने सोडवलं. नीट आहेत दोघं. पण नाळ गळ्याभोवती होती, मेस्त्री. या वेळी म्हातारीचा हात चांगला निघाला. पुढच्या वेळी?"

 त्यांनी पिशवीतून तीन कागद काढले. आमच्या वर्कशॉपातल्या जॉब कार्डांच्या नकला.

"हे तीनदा तुम्ही गाडी तपासलीत ते. इंग्रजीत लिहिलंय, 'गाडी तपासली. दोष आढळला नाही.' तिन्हींवर तेच. आणि खाली ही उदंड लांब शेपटीची सही कोणाची?"

"माझी," मी म्हणालो, आणि माझे कान तापले.

"मग दोष नाही असं तुम्हीच म्हणता."

"मी असं म्हटलेलं नाही. मी कारकुनाला तोंडाने सांगितलं होतं, नळी तापते म्हणून. तीनही वेळा सांगितलं."

"कागद म्हणतो ना."

 त्यांनी चष्म्यातून नुसतं पाहिलं, आणि त्यांना कळलं. कोणाला न कळलेली गोष्ट त्या बाईंना एका नजरेत कळली. मला वाटलं आता म्हणतील, तुम्हाला वाचता येत नाही होय. नाही म्हणाल्या. कागद घडी करून पिशवीत ठेवले आणि एवढंच बोलल्या, "मेस्त्री, सही छान आहे. तिच्यावर दुसऱ्याला लिहू देऊ नका."

त्या दिवसापासून मी कार्डावर सही करायचं बंद केलं. कारकुनाने कार्ड पुढे केलं की म्हणायचो, "वाच." तो म्हणायचा, "तुला काय करायचंय? सही ठोक." मी पाना खाली ठेवून उभा राहायचो. मॅनेजरने बोलावून दम दिला, तरी उभाच. हट्ट तर माझ्या रक्तात होताच, पण असं गुपचूप उभं राहायची रीत मी कडुलिंबाखालून उचलली, हे कबूल करतो. शेवटी अक्कांची गाडी माझ्याकडे द्यायचंच बंद झालं. दुसऱ्याकडे दिली, आणि त्याचा अंगठा उठला. पण का उभा राहतो ते मी कोणाला सांगितलं नाही. वाचता येत नाही हे सांगण्यापेक्षा नोकरी गेली तरी चालेल, असा तेव्हाचा माझा ताठा.

असं करत ऑक्टोबर लागला. मॅनेजरचं धोरण मला उशिरा कळलं. सुटे भाग यायचेत, मोठा मेकॅनिक रजेवर आहे, पुढच्या सोमवारी या. एकेक सोमवार मागे पडत होता आणि हमीचे सहा महिने सरत होते. मी एकदा बोटांवर मोजलं. शेवटचा दिवस आयुधपूजेवर येत होता.

महाराष्ट्रातल्या वाचकांना सांगायला हवं. आपल्याकडे बहुतेक घरी दसऱ्याला शस्त्रं पुजतात. इकडे आदल्या दिवशीच, नवमीला, हत्यारं पूजेला मांडतात. पाने, हातोडे, जॅक, सगळं पुसून, गंध लावून देवीपुढे. त्याच दिवशी सरस्वतीची पूजा, म्हणून वह्या, रजिस्टरं, लेखण्या पण देवीपुढे. दुसऱ्या दिवशी सकाळी परत पूजा होईपर्यंत त्यातल्या कशाला हात लावायचा नाही. हत्यार उचलायचं नाही, अक्षर लिहायचं नाही, वाचायचंसुद्धा नाही. पूजेत मांडलेली वस्तू जागची हलवायची नाही. म्हणजे मॅनेजरचं काम देवीनेच सोपं केलं होतं. त्या दिवशी गाडीला कोणी हात लावू शकत नव्हतं, कार्ड लिहू शकत नव्हतं. आणि दुसऱ्या दिवशी हमी संपलेली.

पूजेच्या दिवशी फाटकाला केळीचे खांब बांधलेले, आंब्याची पानं, आत पत्र्याच्या शेडमध्ये देवीची तसबीर. साडेअकराला कंपनीचे मालक यायचे होते. मालकाला इकडे मुदलाळी म्हणतात, आणि तोंडावर अय्या. आमचे मुदलाळी सत्तरीचे, वर्षातून याच दिवशी वर्कशॉपात यायचे, प्रत्येक कामगाराला हाताने वेष्टी, म्हणजे इकडचं धोतर, आणि चुरमुरे-गुळाची पुडी द्यायचे. आम्ही चाळीस जण आंघोळ करून, गंध लावून ओळीने उभे होतो.

तेवढ्यात फाटकातून फिकट निळी गाडी आली. अक्का पाऊण तास उन्हात फिरून आल्या होत्या. गाडी आवारात शिरली, शेडच्या तोंडाशी आली, एक आचका दिला, दुसरा दिला, आणि देवीच्या बरोब्बर समोर बंद पडली.

मॅनेजर धावला. "अम्मा, आज हत्यार उचलता येत नाही! गाडी मागे घ्या, मुदलाळी येताहेत!"

"ती येत नाही," अक्का खिडकीतून म्हणाल्या. "तिची वेळ झाली. वीस मिनिटं."

"ढकला रे!" मॅनेजर आमच्याकडे बघून ओरडला.

कोणी हललं नाही. आधी मी हललो नाही, मग बाकीचेही हलले नाहीत. आणि भटजी, बिचारे दिसायला अधू, हातात चंदनाची वाटी घेऊन आलेच होते. देवीसमोर गाडी उभी आहे म्हणजे पूजेचीच असणार, असं धरून त्यांनी बॉनेटवर चंदनाचे तीन पट्टे ओढले, मधोमध कुंकू लावलं, शेवंतीची माळ आरशाला अडकवली आणि चारी चाकांखाली लिंबं ठेवली. झालं. गाडी पूजेत बसली. आता सकाळपर्यंत ती कोणाला हलवता येणार नव्हती.

अक्का खाली उतरल्या. त्यांनी काखेतून केसपेपरची ती लाकडी फळी काढली, दोन्ही हातांनी देवीपुढे वह्यांच्या ढिगावर ठेवली, नमस्कार केला, स्टूल उघडलं, आणि...

"बरं. मी बसते."

मुदलाळी आले. गाडी वाटेत उभी, बाजूला स्टूलवर बाई, आणि मॅनेजर घामाघूम.

"ही कोणाची गाडी? इथे कोणी आणली?"

 मी ओळीतून पुढे झालो.  "अय्या, ती आपली आपण आली. इथवर आली आणि तिच्या नळीतलं पेट्रोल उकळलं. एप्रिलपासून उकळतंय. हमीचा आज शेवटचा दिवस आहे."

"काही दोष नाही, अय्या!" मॅनेजर म्हणाला. "कार्डं आहेत, तीन कार्डं. यानेच सही केली आहे. दोष नाही म्हणून यानेच लिहून दिलंय!"

मुदलाळींनी माझ्याकडे पाहिलं. चाळीस माणसं माझ्याकडे बघत होती. पेंटर, वेल्डर, तो कारकून, ज्यांच्यापुढे मी दहा वर्षं शेपटीची सही मिरवली ते सगळे. अक्का बघत नव्हत्या. त्या खाली मान घालून कापसाचा बोळा वळत होत्या. मला वाटतं मुद्दाम.

"सही माझी आहे," मी म्हणालो. "वर लिहिलंय ते माझं नाही. मला इंग्रजी वाचता येत नाही. कधीच येत नव्हतं. सांगायची लाज वाटली म्हणून सही करत गेलो."

मागे कोणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

मुदलाळींनी मॅनेजरकडे मान वळवली. "कार्ड कुठे आहे?"

मॅनेजरने देवीपुढच्या ढिगाकडे बोट केलं. ढिगावर फुलं होती, आणि सगळ्यात वर अक्कांची फळी.

"मग आज कार्ड बोलणार नाही," मुदलाळी म्हणाले. "आज वाचायचं नाही. याने तोंडाने सांगितलं, तूही तोंडाने सांग. दोष आहे का?"

मॅनेजरने घड्याळ पाहिलं. सवयीने पाहिलं. मग देवीच्या तसबिरीकडे. कपाळावरच्या ताज्या विभूतीतून घाम ओघळला. इतर तीनशे चौसष्ट दिवस तो माणूस कागदामागे उभा राहायचा. त्या दिवशी त्याच्यापुढे धरायला कागदच नव्हता.

"आहे, अय्या," तो हळूच म्हणाला. "स्टोअरला बारा नळ्या आल्यात. जूनमध्ये."

"अस्के जण जाणत होते," अक्का मराठीतच पुटपुटल्या, बोळ्याकडे बघत.

मुदलाळींनी देवीला हात जोडले. मग म्हणाले, "गाडी आज आली हे देवीने पाहिलंय. उद्या सकाळी पूजा उठली की पहिलं हत्यार या गाडीला लागेल. दसऱ्याचं पहिलं काम. मग उरलेल्या नळ्या, ज्यांच्या ज्यांच्या गाड्या आहेत त्यांना बोलावून." माझ्याकडे वळले. "तू बसव." मग अक्कांपुढे हात जोडले, "अम्मा, माझी नातसुद्धा तुमच्याच हातची."

अक्का एवढंच म्हणाल्या, "ती पायाळू होती."

मॅनेजरला काढलं नाही. अक्कांनीच मुदलाळींना सांगितलं म्हणे, भित्र्या माणसाला काढलं तर तो दुसरीकडे जाऊन आणखी भितो. वर्षभराने मॅनेजरच्या सुनेचं बाळंतपण आलं तेव्हा तो कोणाकडे गेला असेल, तुम्हीच ओळखा. माझ्या दोन्ही मुली पण अक्कांच्याच हातच्या. ती निळी गाडी पुढे सतरा वर्षं माझ्याच देखरेखीखाली होती. अक्कांनी मला इंग्रजी शिकवलं, कार्डापुरतं. फार चिडायच्या शिकवताना, आणि चिडल्या की खरंच तमिळ बोलायच्या. अक्का गेल्या तेव्हा मी मिरजेला होतो, भाचीच्या लग्नाला. परत आलो तर मैलापूरच्या त्या दाराला कुलूप. आता तिथे भांड्यांचं दुकान आहे. मी बसने तिथून जातो तेव्हा त्या बाजूच्या खिडकीशी बसत नाही.

पण अक्का म्हटलं की मला ते कुलूप आठवत नाही. आठवतो तो दसरा.

पूजेच्या दुपारी अक्का नेहमीसारख्या कडुलिंबाखाली स्टूल टाकून बसल्या होत्या, तिथे त्यांना बोलावणं आलं. गाडी देवीपाशी, म्हणून सायकलरिक्षा करून गेल्या. जाताना स्टूल न्यायला विसरल्या. निदान मला तरी वाटलं विसरल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सहालाच वर्कशॉपात गेलो. कडुलिंबाखाली स्टूल तसंच उघडं होतं, कॅनव्हासवर चार पिवळी पानं पडलेली, आणि अक्का नव्हत्या. सहा महिन्यांत पहिल्यांदा त्यांची गाडी आमच्याकडे होती आणि त्या समोर बसलेल्या नव्हत्या. मी आठ वाजेपर्यंत फाटकाकडे बघत होतो. त्या आल्या नाहीत. यायची त्यांना गरज वाटली नाही, हे माझ्या डोक्यात शिरायला एवढा वेळ लागला.

पूजा उठली. भटजींनी हळद-कुंकू टाकलं. मी देवीपुढून माझा अर्ध्या इंची पाना उचलला, चाकांखालची लिंबं काढली आणि गाडीखाली गेलो. जुनी नळी काढली, नवी बसवली, मध्ये पत्रा घातला. गाडी उन्हात उभी करून तासभर इंजिन चालू ठेवलं. ते एकदाही अडखळलं नाही. कारकुनाने कार्ड आणलं. मी त्याच्या हातातून लेखणी घेतली आणि माझ्या मोडक्या मराठीत, सगळ्यांसमोर, जोडाक्षरं चुकवत लिहिलं: नळी चुकीची होती. बदलली. त्याखाली सही केली, शेपूट न काढता. मग कारकुनाला म्हटलं, आता याच्याखाली तुझ्या इंग्रजीत हेच लिही आणि मला मोठ्याने वाचून दाखव. त्याने दाखवलं.

मग मी फाटकाशी गेलो, स्टूलवरची पानं झाडली, त्याची घडी घातली, निळ्या गाडीच्या मागच्या सीटवर तांब्याशेजारी ठेवलं, आणि भर बारा वाजता, लांबचा रस्ता धरून, कुठेही न थांबता मैलापूरला गेलो.